यात्री निवासाची वेबसाइट: तयार टेम्प्लेट, वर्डप्रेस की साधी पाने?

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबक रोडवरील यात्री निवासांचे मालक माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात. वेबसाइट तयार टेम्प्लेटच्या सेवेवर वर्गणी भरून घ्यावी, एखाद्या स्थानिक डेव्हलपरकडून वर्डप्रेस या वेबसाइट घडवण्याच्या सॉफ्टवेअरवर करून घ्यावी, की चार-पाच साधी पाने हाताने कोड लिहून करून घ्यावीत? मी तिन्ही प्रकारची कामे केली आहेत. पुढील तुलना दहा ते तीस खोल्यांच्या निवासापुरती आहे. शंभर खोल्यांच्या हॉटेलचा हिशेब वेगळा असतो.

दोन पर्याय प्रारंभीच बाजूला ठेवता येतात. एका मुक्कामासाठी कोणी ॲप डाउनलोड करत नाही. संगणकासाठी एक आणि मोबाइलसाठी दुसरी अशा दोन वेबसाइट ठेवण्याची पद्धतही आता निरर्थक आहे. ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली आणि एकच पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते ही रीत त्यानंतर रुळली. शिवाय गूगलही आज पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रामुख्याने विचारात घेते.

रिस्पॉन्सिव्ह असल्याचा दावा तिन्ही मार्गांत होतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा निघतो. तयार टेम्प्लेट फोनवर मोडत नाही. मात्र संगणकावर शेजारी-शेजारी असलेले रकाने फोनवर एकाखाली एक येतात, आणि उजवीकडे ठेवलेला दरांचा तक्ता सहा फोटो व स्वागताच्या तीन परिच्छेदांखाली जातो. वर्डप्रेसमध्ये सारे काही निवडलेल्या थीमवर, म्हणजे रूप ठरवणाऱ्या साच्यावर, अवलंबून असते. साध्या पानांत लिहिले तेवढेच घडते. स्क्रीनची रुंदी ओळखण्याची एक ओळ लिहायची राहिली, तर अख्खे पान मुंगीच्या अक्षरांत दिसते. ती ओळ असेल आणि मांडणी समजून केली असेल, तर याइतके हलके पान दुसरे नाही.

वेगासाठी गूगलने ठरवलेली मोजमापे सोपी आहेत. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर उघडताना जागचा हलू नये. यातील तिसरी अट सर्वाधिक दुर्लक्षित आहे. रामकुंडावर गर्दीत उभा असलेला यात्रेकरू ‘फोन करा’ या बटणावर बोट टेकवणार, तेवढ्यात वरचा फोटो लोड होतो, पान खाली सरकते आणि बोट ‘रद्दीकरणाचे नियम’ या दुव्यावर पडते. फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली, तर हा प्रकार होत नाही. फोटोंच्या आकाराबाबत मात्र साधी पाने मागे पडतात. टेम्प्लेटच्या सेवा आणि वर्डप्रेस एकाच फोटोच्या लहान-मोठ्या प्रती स्वतः तयार करतात. साध्या पानांत फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो कुणी तसाच चढवला, तर पान उघडेपर्यंत माणूस शेजारच्या लॉजची पायरी चढलेला असतो.

देवनागरीचा मुद्दा कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो. अनेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात आणि त्यांच्या शीर्षकांत अक्षरांमधील अंतर वाढवलेले असते. रोमनमध्ये ते रुबाबदार दिसते. मराठीत मात्र ‘मुक्काम’ या शब्दाची शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांची होते. ओळींमधील अंतरही देवनागरीला अधिक लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात. वर्डप्रेस आणि साध्या पानांत ही कामे काही ओळींत होतात, तर टेम्प्लेटच्या सेवेत कधी होतात आणि कधी त्यासाठी वरची, महागडी योजना घ्यावी लागते. उलटपक्षी, मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषा हव्या असतील, तर साध्या पाच पानांची पंधरा होतात आणि दर बदलला की तो तीन ठिकाणी बदलावा लागतो. तेथे वर्डप्रेस सरस ठरते.

विश्वासाच्या बाबतीत दिसण्याला महत्त्व आहे, हे नाकारता येत नाही. २,६८४ लोकांचा सहभाग असलेल्या २००२ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात वेबसाइटच्या विश्वासार्हतेविषयीच्या ४६.१ टक्के अभिप्रायांत तिच्या रूपाचा उल्लेख होता. पण यात्रेकरूची भीती निराळी असते: आगाऊ रक्कम भरल्यावर त्या पत्त्यावर खरोखर निवास असेल का? म्हणून तो पडताळून पाहता येईल अशा खुणा शोधतो. ०२५३ ने सुरू होणारा दूरध्वनी, काळाराम मंदिरापासून चालत येण्याचा रस्ता, यूपीआयने पैसे भरताना स्क्रीनवर उमटणारे आणि पाटीशी जुळणारे नाव, आणि बादली-मग दिसत असला तरी चालेल, पण खऱ्या खोलीचा फोटो. टेम्प्लेटसोबत आलेले फोटो तसेच ठेवण्याचा मोह येथे घातक ठरतो. पंचवटीतील निवासाच्या खिडकीतून समुद्र दिसत असलेला मी पाहिला आहे. ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ अशी खोटी पट्टीही लावू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी बनावट घाई आणि शेवटच्या टप्प्यावर वाढवलेले छुपे शुल्क या दोन्हींना फसव्या रचनांच्या यादीत बसवले आहे. पत्त्याच्या पट्टीत ‘असुरक्षित’ असा शेरा येऊ नये यासाठी लागणारे प्रमाणपत्र तिन्ही मार्गांत विनामूल्य मिळू शकते. मात्र ते बनावट वेबसाइटलाही मिळते, त्यामुळे ते असणे ही केवळ किमान अट आहे.

वर्डप्रेसची खरी किंमत नंतर कळते. मी केलेल्या एका वेबसाइटचे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेली जादा सुविधांची छोटी सॉफ्टवेअर, वर्षभर कुणी अपडेट केले नाहीत. वार्षिक देखभाल मालकांनी नाकारली होती आणि मीही आग्रह धरला नाही. पुढे ग्राहक तक्रार करू लागले की दुवा उघडल्यावर जुगाराचे पान येते. मालकांना मात्र कार्यालयातील संगणकावर सारे ठीक दिसत होते, कारण घुसवलेला कोड केवळ मोबाइलवरून येणाऱ्यांनाच दुसरीकडे वळवत होता. टेम्प्लेटच्या सेवेत अपडेटची चिंता सेवा पुरवणारी कंपनी वाहते आणि साध्या पानांत अपडेट करण्याजोगे फारसे काही नसते. याउलट टेम्प्लेटची वर्गणी थांबली की वेबसाइटही जाते आणि तीच मांडणी दुसरीकडे नेणे बहुधा शक्य नसते. वर्डप्रेस आणि साधी पाने कोणत्याही होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर, हलवता येतात.

बुकिंग फोनवर किंवा व्हॉट्सॲपवरच होणार असेल आणि दर वर्षातून दोन-तीनदाच बदलत असतील, तर माझा कौल साध्या पानांना आहे. तारखेनुसार दर, ऑनलाइन बुकिंग आणि तीन भाषा हव्या असतील, तर वर्डप्रेस घ्यावे, पण देखभालीचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरून. घरातील कुणी स्वतः रोजचे बदल करणार असेल आणि हातात महिनाभरच उरला असेल, तर टेम्प्लेट पुरेसे आहे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्त्यातील नाव, मात्र तिन्ही बाबतींत मालकाने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून पैसे भरून नोंदवावे, आणि कामाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पान वायफाय बंद करून घरातील सर्वांत जुन्या फोनवर, भर उन्हात उघडून पाहावे.