आजीची नथ, हापूसचे लेबल आणि गिम्प: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

देवगड तालुक्यातील आमच्या गावातून मी रोज एसटीने ग्राफिक डिझाइनच्या वर्गाला जाते. वर्गातल्या संगणकांवर फोटोशॉप आहे आणि शिकवणेही त्यावरच चालते. घरी मात्र माझ्याकडे मामेभावाने वापरून दिलेला, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापरता येतात, आणि बागेचे उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येणाऱ्या घरात दरमहा जाणारी रक्कम मागायची म्हणजे दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये मी गिम्प ३.० हे फोटोशॉपसारखेच, पण मोफत असलेले फोटो-चित्र संपादनाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. वर्गात एक आणि घरी दुसरे असे नऊ महिने काढल्यावर, फुकटचे आहे म्हणून कौतुक किंवा फुकटचे आहे म्हणून नाक मुरडणे, हे दोन्ही टाळून लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आला आहे.

पहिला खटका उडाला तो सेव्ह करतानाच. गिम्पमध्ये सेव्हची आज्ञा दिली की फाइल केवळ एक्ससीएफ या त्याच्या स्वतःच्या प्रकारात साठवली जाते. जेपेग किंवा पीएनजी हवे असेल तर एक्स्पोर्ट ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ही विभागणी आहे. मला ती ठाऊक नसल्याने पहिला स्वाध्याय मी एक्ससीएफमध्येच पाठवला आणि तो सरांच्या संगणकावर उघडला नाही. तेव्हा वैताग आला, पण आता ही पद्धत मला योग्य वाटते, कारण जेपेगमध्ये सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, एकजीव होतात आणि नंतर मागे फिरता येत नाही. एक्ससीएफ हे नाव बर्कली येथील ज्या विद्यार्थी-मंडळावरून पडले, त्यातल्याच स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले होते, हे कळल्यावर त्या अनोळखी तीन अक्षरांवरचा माझा राग थोडा निवळला.

गणपतीच्या दिवसांत वाडीतल्या भजन मंडळाने डबलबारीसाठी, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यासाठी, दहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स करून मागितला. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हवेत, एवढे एकच वाक्य मी वर्गातून पाठ करून आले होते आणि त्याच हिशेबाने मी ३६,००० बाय १४,४०० पिक्सेलचा कॅनव्हास उघडला. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर असा एकेक लेयर सुमारे २ जीबी होतो; चार लेयर झाल्यावर लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा गरगरू लागला आणि ब्रश हातानंतर दहा सेकंदांनी हलू लागला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, माझ्या पाठांतराचा होता. लेबल हातात धरून वाचतात, फ्लेक्स रस्त्यापलीकडून पाहतात, त्यामुळे इंचाला ७२ पिक्सेल पुरतात हे फ्लेक्सवाल्याने सांगितले आणि तोच कॅनव्हास ८,६४० बाय ३,४५६ वर, म्हणजे लेयरमागे १२० एमबीच्या आसपास आला. त्याच रात्री पावसात वीज गेली, दहा मिनिटांत बॅटरीने मान टाकली आणि दोन तासांचे काम गेले. ठरावीक वेळाने आपोआप सेव्ह होण्याची सोय गिम्पमध्ये नाही. पावसाळ्यात कोकणात राहून काम करणाऱ्याने ही उणीव किरकोळ समजू नये. आता दर पाच मिनिटांनी माझी बोटे न सांगता कंट्रोल आणि एसकडे जातात.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीच्या लग्नाचा फोटो दुरुस्त करायला घेतला आणि या नऊ महिन्यांत मी सर्वाधिक शिकले ते त्या तीन आठवड्यांत. पंचावन्न-साठ पावसाळे पाहिलेल्या त्या फोटोवर बुरशीचे शेकडो पांढुरके ठिपके होते आणि मधोमध घडीची भेग होती. इंचाला ६०० पिक्सेलने स्कॅन करून घेतल्यावर मी सरसकट हीलिंग टूल फिरवले. हे टूल शेजारच्या जागेचा पोत उचलते, पण रंग आणि उजेड ज्या जागी लावायचे तिथला पाहून जुळवून घेते. त्यामुळे गालावरचे, भिंतीवरचे आणि लुगड्याच्या सपाट भागावरचे डाग असे नाहीसे झाले की मलाच पुन्हा सापडेनात. परंतु लुगड्याचा काठ आणि मागची भिंत जिथे मिळतात, तिथे तेच टूल काठाचा काळेपणा भिंतीत ओढू लागले आणि पाटीवर ओला बोळा फिरवावा तसा फराटा उमटला. अशा कडांवर क्लोन टूल वापरावे लागते, कारण ते उचललेला तुकडा आहे तसा डकवते, जुळवाजुळव करत नाही. दोन्ही टूलना सॅम्पल मर्ज्ड, म्हणजे दिसणाऱ्या सगळ्या लेयरमधून नमुना उचलण्याचा, पर्याय आहे. तो चालू ठेवून वर एक रिकामा लेयर घेतला की सगळी डागडुजी त्या लेयरवर साठते आणि मूळ स्कॅनला धक्का लागत नाही. ही युक्ती मला दुसऱ्या आठवड्यात कळली, म्हणजे पहिल्या आठवड्याचे काम पुन्हा करावे लागले.

नथीवर नेमका बुरशीचा एक मोठा ठिपका होता. शेजारचा मोती क्लोन करून मी ती जागा भरली आणि छापलेला फोटो आजीच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “ह्यो मोती माझ्या नथीक नाय होतो गो.” तो मोती लग्नाच्या आदल्या दिवशी पडला होता आणि नथ तशीच घातली होती. मी घरी येऊन तो लेयर बंद केला, आणि सगळे काम वेगळ्या लेयरवर असल्याने त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

फेब्रुवारीत बाबांनी पेटीवरचे लेबल करायला सांगितले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी बाजारात इतर ठिकाणचा आंबा देवगडच्या नावाने खपतोच, त्यामुळे आपले लेबल आपल्या बागेचे वाटले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पहिला उतरलेला आंबा पडवीत पांढऱ्या चादरीवर ठेवून मी मोबाइलने फोटो काढला. पार्श्वभूमी वेगळी करण्यासाठी फझी सिलेक्ट हे सारख्या रंगाचा भाग आपोआप निवडणारे टूल एका क्लिकमध्ये काम करते, असे सगळीकडे सांगितले जाते. परंतु पिकलेल्या हापूसच्या खालच्या अंगाला चादरीचा उजेड परतून पडलेला असतो आणि तिथे आंबा कुठे संपतो आणि चादर कुठे सुरू होते हे या टूलला कळत नाही. त्याने देठाजवळची लाली बरोबर धरली आणि खालून आंब्याला चावा घेतल्यासारखा भाग खाल्ला. शेवटी पाथ टूलने चौदा बिंदूंत हाताने कडा आखली, तिचे सिलेक्शन करून ते एका पिक्सेलने आत घेतले, कड मऊ करण्यासाठी एक पिक्सेल फेदर दिला आणि खोडरबराऐवजी लेयर मास्क लावला. खोडलेले परत येत नाही, मास्कने झाकलेले हवे तेव्हा उघडता येते. पाथ टूल शिकायला मला चार दिवस लागले आणि आज एखाद्या नवशिक्याने कुठून सुरुवात करू असे विचारले तर मी ब्रश नव्हे, हेच टूल सांगेन.

३.० आवृत्तीचा खरा लाभ मला याच कामात मिळाला. २०१८ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीत रंग-उजेड बदलणारा कर्व्ह्ज किंवा चित्र धूसर करणारा ब्लर लावला की तो चित्रात कायमचा मुरत असे. मार्च २०२५ च्या ३.० पासून असे फिल्टर लेयरला नुसते जोडलेले राहतात आणि लेयरशेजारच्या एफएक्स या खुणेवरून केव्हाही उघडून बदलता येतात. बाबांनी आंबा “थोडा कमी पिवळा, थोडा जास्त केशरी” असा अकरा वेळा बदलायला लावला आणि अकराही वेळा मी तेच कर्व्ह्ज पुन्हा उघडले. फोटोशॉपमधला स्वतंत्र ॲडजस्टमेंट लेयर इथे मिळत नाही. अनेक लेयरवर एकच बदल हवा असेल तर त्यांचा गट करून त्या गटाला फिल्टर लावावा लागतो, जे सवयीने जमते.

मराठी अक्षरांबद्दल मला भीती होती, ती बरीचशी अनाठायी ठरली. युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांचा, फॉन्ट असेल तर जोडाक्षरे व्यवस्थित बसतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि पेटीवर दोन्ही शोभतात. टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा रकाना असतो, तिथे मराठी निवडले तर ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी बसवलेली आहेत, त्यात ती उमटतात. “किनाऱ्यावरच्या बागेतून” या ओळीत मात्र मी स्वतः फसले, कारण साधा र वापरून टंकल्याने पहिल्या नमुन्यावर “किनार्यावरच्या” असे रफाराचे ध्यान उमटले. त्या जागी नुक्त्याचा ऱ टंकावा लागतो. घरात ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. शाळेतल्या बाईंनी मात्र पेटी हातात घेताक्षणी दाखवली.

आता तक्रारीची मुख्य जागा, म्हणजे छपाई. लेबल सहा बाय चार इंचांचे, म्हणून इंचाला ३०० पिक्सेलने १,८०० बाय १,२०० आणि कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ पिक्सेल वाढवून, मी फाइल तयार केली. आंब्यामागे देवगडच्या पवनचक्क्या आणि समुद्र घेतला होता. छापून आल्यावर आंबा ठीक होता, पण पडद्यावर निळाशार दिसणारा समुद्र भांडी धुतलेल्या पाण्यासारखा मळकट झाला होता, आणि खालच्या बारीक काळ्या अक्षरांच्या कडांना तांबूस-निळसर झालर आली होती. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने रंग दाखवतो, तर छापखाना सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी, आणि तळपते निळे-हिरवे रंग या शायांच्या आवाक्याबाहेर असतात. केशरी-पिवळा त्या मानाने आवाक्यात राहतो म्हणून आंबा वाचला. अक्षरांचे दुखणे असे की पडद्यावरचा शुद्ध काळा रंग रूपांतरात चारही शायांच्या मिश्रणाचा होतो आणि छापताना एखादी शाई केसभर सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत कड येते.

गिम्प मुळात पडद्याच्या रंगांत काम करते. ३.० मध्ये छपाईचे प्रोफाइल, म्हणजे शायांचे रंग कसे उमटतात याची माहिती देणारी फाइल, जोडून चित्र शायांत कसे दिसेल ते आधी पाहता येते आणि टिफ, जेपेग किंवा पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा प्रकार) फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे वरच्या चार शायांच्या रंगांत, एक्स्पोर्टही करता येते, पण अमुक अक्षर फक्त काळ्या शाईत ठेव असे त्यात सांगता येत नाही. फोटोशॉपमध्ये सीएमवायकेतच काम करता येते आणि हा फरक खरा आहे. तो नाकारणाऱ्यांनी बहुधा काही छापून घेतलेले नसावे. यावर मी काढलेला मार्ग असा, की प्रोफाइल लावून समुद्र आधीच थोडा शांत केला, चित्र गिम्पमधून टिफ म्हणून बाहेर काढले आणि अक्षरे स्क्रायबस या पानांची मांडणी करण्याच्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ काळ्या शाईत घातली. आमच्याकडे छापखान्यात अजून जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर काम चालते आणि माझा मजकूर तिथे उघडला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होत असे, म्हणून अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ दिली. दुसरी खेप चांगली आली.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगते. वर्गातली पीएसडी फाइल गिम्पमध्ये उघडते, परंतु त्यातला मजकूर चित्र होऊन येतो, त्यामुळे घरी शब्द बदलता येत नाहीत. यूट्यूबवरचे बरेच धडे २.१० चे आहेत आणि त्यांतल्या आज्ञा नव्या आवृत्तीत त्याच जागी सापडतील असे नाही. जुने प्लगिनही, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयीही, ३.० साठी नव्याने लिहिल्याशिवाय चालत नाहीत. दोन सॉफ्टवेअरचे शॉर्टकट वेगवेगळे असल्याने परीक्षेच्या आठवड्यात मी घरी गिम्प उघडणेच बंद केले होते.

फोटो दुरुस्ती, कटआउट, रंगकाम आणि लेयरची समज यांसाठी गिम्प मला कुठेही अपुरे पडले नाही. ज्याला नोकरीसाठी लगेच स्टुडिओत बसायचे आहे त्याने फोटोशॉपचा हात सोडू नये, आणि ज्याचे काम छापखान्यात जाणार आहे त्याने गिम्पसोबत स्क्रायबस शिकण्याची तयारी ठेवावी. माझी वर्गणीची मागणी तूर्त मी मागे घेतली आहे. मळकट समुद्राची पहिल्या खेपेची लेबले बाबांनी फेकू दिली नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर सध्या कॅनिंगला, म्हणजे रसाच्या कारखान्याला, जाणाऱ्या क्रेटचा हिशेब लिहिला जातो.