पेपरातलं फुटबॉलचं पान पार घसरलंय
नाव घेत नाही पण कोल्हापुरातलाच पेपर आहे, वडिलांच्या काळापासून घरी येतोय आणि आम्ही तो घेतो फुटबॉलसाठीच. पूर्वी शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या इथल्या दोन तालमींच्या टीमची मॅच झाली की गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, पास कुणी दिला सगळं असायचं राव, आता चार ओळी, त्यातपण गोल मारलेल्या पोराचं नाव चुकीचं आणि फोटो दुसऱ्याच मॅचचा! प्रेक्षकांत हाणामारी झाली की मात्र बातमी पहिल्या पानावर. अहो २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला अनिकेत जाधव इथूनच गेला, तालमीच्या पोरांना निदान नाव तरी नीट मिळू दे की. दोन स्टार, रिपोर्टर ग्राउंडवर पाठवा लगेच वाढवतो.