साडेतीनशेच्या मापातला ‘ड्रेडनॉट’: किट पक्कं, पत्रक कच्चं

एचएमएस ड्रेडनॉट हे ब्रिटिश लढाऊ जहाज १६०.६ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद. १:३५० च्या मापात ते ४५.९ सेंटिमीटर भरायला हवं, रुंदीला ७.१. या प्लॅस्टिकच्या मॉडेल-किटच्या दोन्ही कुशी (जहाजाच्या सांगाड्याच्या डाव्या-उजव्या बाजू) जोडून फूटपट्टी लावली तर लांबीत जेमतेम दोन मिलिमीटर कमी निघतात. मापात खोट नाही. घोळ आहे तो सोबतच्या जोडणीच्या पत्रकात.

पत्रक दोन रूपं सुचवतं, १९०७ आणि १९१६. दुसऱ्या चित्राखाली चक्क जटलंडची लढाई छापलीय. ३१ मे १९१६ ला ब्रिटिश आणि जर्मन आरमारं उत्तर समुद्रात भिडली तेव्हा ड्रेडनॉट पोर्ट्समथच्या गोदीत दुरुस्तीला उभं होतं. याच्या नावानं जहाजांची अख्खी जात ओळखली गेली आणि ऐन लढाईत बुवा घरीच! युद्धकाळात विमानविरोधी तोफा बसल्या, टॉर्पेडोरोधक जाळ्या उतरवल्या. किटमध्ये त्या तोफा नाहीत, जाळ्यांच्या दांड्या मात्र कुशीवर साच्यातूनच उठवल्यात. १९१६ करायचं तर त्या तासून काढा आणि तोफा स्वतः घडवा. इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ १९०७ करावं.

युद्धातला या जहाजाचा खरा पराक्रम १८ मार्च १९१५ चा. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत त्यानं यू-२९ या जर्मन पाणबुडीला सरळ धडक देऊन बुडवलं. तिचा कप्तान ओटो वेडिगेन. यानंच सप्टेंबर १९१४ मध्ये यू-९ या पाणबुडीतून एका सकाळी तीन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका बुडवल्या होत्या. बारा इंची दहा तोफा वाहणाऱ्या जहाजानं शत्रूचं जहाज बुडवलं ते नाकाडानं! पत्रकात याबद्दल अक्षर नाही.

आता जोडणी. तोफांची नळी टोकाला बंद येते. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, या मापात ०.८७. प्लॅस्टिकची कड पातळ असल्यानं ०.७ मिलिमीटरचं बिट हातड्रिलला लावा आणि आधी सुईनं मध्यावर खूण पाडा. खूण न करता बिट टेकवलं की ते घसरतं आणि नळीचं तोंड वाकडं होतं. १२ पौंडी तोफा जहाजावर २७, पेटीत २८. एकच जास्तीची आहे, तेव्हा चिमट्यातून उडालेली तोफ शोधायला जमिनीवर आधीच पांढरी चादर अंथरा.

डोलकाठी तिपाई आहे आणि पुढच्या धुराड्याच्या मागे येते. पाहणाऱ्याला ही किटची चूक वाटते, पण ती मूळ जहाजाचीच. जागलीचं मचाण चुलीच्या धुरात बांधावं तसा प्रकार: वर बसून तोफांचा नेम सांगणाऱ्याला धूर आणि धग सोसवत नसे. म्हणून डोलकाठीचा वरचा भाग काजळीनं काळपट रंगवला तर शोभतो. जोडताना मात्र धुराडं आधी, तिपाई नंतर. पत्रकातला क्रम उलटा आहे. तसं केलं तर धुराडं तिरकं घालावं लागतं आणि तिपाईचा पाय मोडतो.

पितळी जाळीकामाचे कठडे वाकवताना तुटतात. मेणबत्तीवर धरलं तर काजळीच चढते. गॅसच्या ज्योतीत क्षणभर लालसर करून गार होऊ द्या, मग हवे तसे वळतात. पातळ पट्टी ज्योतीत वितळायला वेळ लागत नाही, तेव्हा हात हलता ठेवा.

आपल्याकडचं हवामान हा वेगळाच विषय. गावात कुरिअर येत नाही. पार्सल तालुक्याच्या ठिकाणी उन्हात पडून राहतं आणि कूस वाकडी होऊन हाती लागते. गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) दोन मिनिटं बुडवा, काचेवर सपाट दाबून धरा, तशीच गार होऊ द्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एअरब्रशचा (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाचा) रंग हवेतच सुकतो आणि राखाडी कूस रेतीच्या कागदासारखी खरबरीत होते. रंगकाम पहाटे उरका, थिनर थोडं वाढवा. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानं धरतं, त्यामुळे कोरड्या एप्रिलमध्ये ते आळशी होतं. सांध्यावर एक फुंकर मारली की काम होतं. कूलरसमोर बसून मात्र काम नको: कठडे उडतात, आणि त्या दमट हवेत लॅकरवर (थिनरमधल्या चकचकीत रंगावर) पांढरट झाक येते. पावसाळ्यात तीच झाक कूलरशिवाय येते. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की घरात कापूस भरलेला असतो आणि ओल्या रंगावर तंतू बसतात. रंगवलेला भाग लगेच प्लॅस्टिकच्या डब्याखाली झाका. एकूण रंगासाठी बरा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च, कापूस विकून घर रिकामं झाल्यावर.

थिनर ऑनलाइन मागवू नका. ज्वलनशील माल म्हणून पार्सल अडतं. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातलं ब्रश धुवायला पुरतं, पण थेट प्लॅस्टिकवर लावायच्या आधी भाग कापून घेतल्यावर उरलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या तुकड्यावर घासून बघा. काही थिनर प्लॅस्टिक चाटून खातं.

पेटीतला झेंडा कागदी आणि जाड आहे. पाण्यात भिजवून वरचा थर सोलला तर बरा पडतो. नावाच्या पाटीवर जहाज भंगारात गेल्याचं साल १९२० छापलंय. विक्रीला काढलं १९२० मध्ये. ४४,००० पौंडांना विकलं गेलं १९२१ मध्ये, आणि तोडायला स्कॉटलंडमधल्या इन्व्हरकीदिंगला पोचलं जानेवारी १९२३ मध्ये. पाटीची मागची बाजू कोरी आहे, ती वापरा.