ओबीएस स्टुडिओ: देवनागरी टंकलेखनाचे धडे रेकॉर्ड करण्यासाठी कितपत उपयोगी?

फोंड्यातील आमच्या संगणक वर्गाला मराठी प्राथमिक शाळांतील शिक्षक येतात, तसेच जत्रेतील नाटकाची संहिता स्वतः टाइप करू पाहणारे हौशी कलाकारही येतात. त्यांना धडे घरी पुन्हा पाहता यावेत, म्हणून संगणकाच्या पडद्यावरील काम आवाजासह रेकॉर्ड करण्यासाठी आम्ही ओबीएस स्टुडिओ वापरतो, आणि हे परीक्षण त्याच कामापुरते आहे.

नुसते स्थिर चित्र हवे असेल, तर ओबीएसच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की स्निपिंग टूल ते काम चोख करते, आणि विंडोज ११ मध्ये त्यात रेकॉर्डिंगचीही सोय आहे. विंडोजमध्ये खेळ रेकॉर्ड करण्यासाठी दिलेला गेम बार मात्र डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर रेकॉर्ड करत नसल्यामुळे शिकवण्याच्या कामी तो फारसा येत नाही.

२०१२ मध्ये सुरू झालेले ओबीएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. त्यात वेळेची मर्यादा नाही आणि चित्रावर कोणाचा शिक्काही उमटत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर समोर काळा चौकोन दिसतो व नवखा माणूस गांगरतो, कारण काय रेकॉर्ड करायचे तो ‘सोर्स’ आपणच जोडावा लागतो. आमच्या कामासाठी एकच खिडकी टिपणाऱ्या ‘विंडो कॅप्चर’ऐवजी संपूर्ण पडदा टिपणारा ‘डिस्प्ले कॅप्चर’ निवडावा लागतो. ‘प्रवेश’ लिहिताना इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर एच, डी, जे या कळांनी ‘प्र’ कसा जुळतो, हे पाहणाऱ्याला दिसायला हवे. पण दाबलेल्या कळा दाखवण्याची सोय ओबीएसमध्ये मुळातच नाही. त्यामुळे विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड शेजारी उघडून संपूर्ण पडदाच रेकॉर्ड करणे भाग पडते. दोन ग्राफिक्स कार्डे असलेल्या लॅपटॉपवर हा सोर्स कधी कधी काळाच राहतो. तेव्हा विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठीचे कार्ड बदलून पाहावे.

चित्राच्या दर्जाबाबत सर्रास दिला जाणारा सल्ला देवनागरीला मानवत नाही. जुन्या संगणकावरचा ताण कमी करण्यासाठी चित्राची उंची १०८० बिंदूंवरून (पिक्सेल) ७२० वर आणावी, असे सांगितले जाते. तसे केल्यास अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक रेषा पुसट होतात, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. त्यापेक्षा चित्राचा मूळ आकार कायम ठेवून सेकंदाला ३० ऐवजी २० फ्रेम घ्याव्यात व अक्षरे मोठी करावीत. टंकलेखनाच्या धड्यात पडद्यावर हालचाल ती कितीशी असणार! इंटेलचा प्रोसेसर असेल, तर एनकोडर (चित्र आकुंचित करून फाइलमध्ये साठवणारी यंत्रणा) म्हणून इंटेलचेच क्विकसिंक निवडल्यास भार आणखी हलका होतो.

आवाजाची व्यवस्था हे ओबीएसचे खरे बलस्थान आहे. मायक्रोफोन आणि संगणकाचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात; बोलताना मायक्रोफोनचा पट्टा पिवळ्या भागापर्यंत जावा, तांबड्यात शिरू नये. ‘नॉइज सप्रेशन’ हा फिल्टर पंख्याची घरघर चांगली काढतो, मात्र पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तो शब्दांची टोकेही खातो.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे फाइलचा प्रकार विचारपूर्वक निवडावा. साध्या एमपी४ फाइलची आवश्यक सूची शेवटी लिहिली जाते. मध्येच संगणक बंद पडला, तर सगळी फाइलच उघडेनाशी होते. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये तोवरचे रेकॉर्डिंग शाबूत राहते आणि फाइल मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याचे एमपी४ थोड्याच वेळात होते, कारण चित्र नव्याने एनकोड करावे लागत नाही. २०२४ मधील ३०.२ या आवृत्तीत आलेला ‘हायब्रिड एमपी४’ हीच सुरक्षितता देतो.

काटछाट करण्याची सोय ओबीएसमध्ये नाही. चुकलेली वाक्ये काढण्यासाठी शॉटकटसारखे दुसरे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे लागते, आणि तेही शिकायचे नसेल, तर धडे छोटे ठेवून चुकलेला धडा पुन्हा रेकॉर्ड करणे सोयीचे पडते.