डेटाबेसचा सर्व्हर मोठा करावा की जोडीला आणखी लावावेत?

वेब सर्व्हरबाबत मला वाद घालायचा नाही. सेशन (लॉगिन केलेल्या युजरची तात्पुरती माहिती) सर्व्हरबाहेर ठेवलं, अपलोड झालेल्या फाइली लोकल डिस्कवर राहू दिल्या नाहीत, की लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा) हवे तितके लावा. एखादा पडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. डोकं खातो तो डेटाबेस. स्केल अप (आहे तो सर्व्हर मोठा करणं) की स्केल आउट (जोडीला आणखी लावणं), हा प्रश्न खरा तिथेच पडतो.

मी दोन्ही करून पाहिलंय. रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीच्या डेटाबेसच्या प्रती, लावल्या तेव्हा सुरुवातीला सगळं छान दिसत होतं. प्रायमरीच्या (सगळं लिहिलं जातं त्या मुख्य सर्व्हरच्या) सीपीयूवरचा भार खाली आला, रिपोर्टच्या जड क्वेरी बाजूला गेल्या. मग एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून यायला लागली: ‘सेव्ह केलं, पण झालं नाही.’ युजर पत्ता बदलतो, सेव्ह दाबतो, पान परत उघडतं आणि जुनाच पत्ता समोर. लिहिलं प्रायमरीवर, वाचलं रेप्लिकावरून, आणि रेप्लिका अजून मागे. युजर काय करणार, परत सेव्ह दाबणार. पत्त्याचं एक वेळ ठीक, पण नवीन विनंतीच्या फॉर्मवर त्याच सवयीनं एका विनंतीच्या दोन नोंदी पडायच्या. टेस्टिंगमध्ये हे दिसायचंच नाही, कारण तिथे रेप्लिका मागे पडण्याइतका लोड नसतो. गर्दीच्या वेळी मात्र हमखास.

उपाय आहेत, नाहीत असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रेप्लिकेशन मुळात असिंक्रोनस, म्हणजे रेप्लिकासाठी न थांबणारं, असतं. ते सिंक्रोनस करून, बदल रेप्लिकावर दिसू लागेपर्यंत कमिट (बदल पक्का होणं) रोखून धरता येतं. पण मग प्रत्येक राइटला तेवढी वाट पाहावी लागते, आणि रेप्लिका अडकली की राइटही अडकतात. दुसरा उपाय म्हणजे लिहिल्यानंतर थोडा वेळ त्या युजरचे रीड प्रायमरीकडेच वळवायचे. आम्ही हेच केलं. तेव्हापासून कोडमध्ये जागोजागी ‘ही क्वेरी कुठे पाठवायची?’ हा प्रश्न येऊन बसला, आणि हळूहळू महत्त्वाचे बहुतेक रीड पुन्हा प्रायमरीवरच आले. मग एवढा खटाटोप कशासाठी?

सर्व्हर मोठा केला तेव्हा सांगण्यासारखं काही घडलंच नाही. रोज लागणारा डेटा आणि त्याचे इंडेक्स (शोध झटपट करणाऱ्या सूची) रॅममध्ये मावले, बदलताना थोडा वेळ सेवा बंद राहिली, कोडची एक ओळ हलली नाही. क्लाउडवर २४ टेराबाइट रॅमची मशिनंही भाड्यानं मिळतात, त्यामुळे छत वाटतं त्यापेक्षा बरंच वर आहे.

अर्थात कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं) दुप्पट केले म्हणून काम दुप्पट होत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथेही लागू पडतो: कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जात नाही. शिल्लक साठ्याची एकच रो (टेबलमधली नोंद) सगळे अपडेट करायला बघत असतील, तर रांग त्या रोच्या लॉकपाशी (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) लागते. पण सर्व्हरची संख्या वाढवून तरी ती रांग कुठे हटते? उलट नेटवर्कवरचा समन्वय वर चढतो. २०१५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ फ्रँक मॅकशेरी आणि सहकाऱ्यांनी ग्राफ प्रोसेसिंगच्या (जोडण्यांच्या जाळ्यावरच्या गणितांच्या) काही कामांत एका थ्रेडचा, म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरणारा, प्रोग्राम शंभराहून जास्त कोअरच्या सिस्टिमपेक्षा वेगवान चालवून दाखवला होता.

एकच सर्व्हर म्हणजे तो पडला की सगळं बंद, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी स्टँडबाय, म्हणजे तयार ठेवलेला राखीव सर्व्हर, हवाच. फक्त तो फेलओव्हरसाठी (मुख्य सर्व्हर पडला की काम हाती घेण्यासाठी) ठेवा, रीडसाठी नको. माझी निम्मी डोकेदुखी तिथेच गेली.

तुमचं वेगळं असू शकतं. राइटच एका मशिनला झेपत नसतील, किंवा डेटा ग्राहकागणिक स्वच्छ तुटत असेल आणि दोन ग्राहकांना जोडणारी क्वेरी क्वचितच लागत असेल, तर शार्डिंग करा, म्हणजे डेटाचे तुकडे (शार्ड) वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवा. मात्र शार्ड ठरवताना साधा भागाकाराच्या बाकीचा नियम (कीला, म्हणजे नोंदीच्या ओळखक्रमांकाला, शार्डच्या संख्येनं भागून उरेल ती बाकी हाच शार्ड) वापरू नका. ४ शार्डचे ५ करताना जवळपास ८० टक्के कींना जागा बदलावी लागते, आणि ते काम चालू सिस्टिमवर करायचं असतं.