स्टीव्ही वंडरचे १९७२चे दोन अल्बम: आधी कुठला घ्यावा?

अकराव्या वर्षी मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलेला आणि तेराव्या वर्षी 'फिंगरटिप्स' घेऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला 'लिटल स्टीव्ही' मोठा कसा झाला, हे ऐकायचं तर १९७२ साल गाठायला हवं. मे १९७१मध्ये त्याला एकविसावं वर्ष पूर्ण झालं आणि जुना करार संपला. नव्या करारात त्याने मनासारखं संगीत करण्याची मोकळीक मिळवली. मग मार्चमध्ये 'म्युझिक ऑफ माय माइंड' आला, ऑक्टोबरमध्ये 'टॉकिंग बुक'. दोन्हींच्या मागे रॉबर्ट मार्गुलेफ आणि माल्कम सेसिल हे ध्वनितंत्रज्ञ आणि त्यांचा टॉन्टो हा अवाढव्य सिंथेसायझर आहे.

एकच रेकॉर्ड घ्यायची असेल, तर माझं मत 'टॉकिंग बुक'ला.

'म्युझिक ऑफ माय माइंड'मध्ये एक ट्रॉम्बोन आणि एका गाण्यातली गिटार सोडली तर जवळजवळ सगळी वाद्यं त्याने स्वतःच वाजवली आहेत. हाताशी आलेलं प्रत्येक वाद्य वाजवून बघण्याचा उत्साह त्यात ओसंडून वाहतो, आणि त्यापायी काही गाणी लांबतातही. 'कीप ऑन रनिंग' मला निम्म्यात संपलेलं चाललं असतं. 'सुपरवुमन'ला मात्र तोड नाही. आठ मिनिटांचं हे गाणं खरं तर एकाला एक जोडलेली दोन गाणी आहेत. पहिल्यात मोठी स्वप्नं बघणाऱ्या मेरीबद्दलची कुरकुर आहे. मग चाल बदलते, लय सैलावते आणि ऋतू उलटून गेले तरी न आलेल्या माणसासाठीची तगमग सुरू होते. पोरवयाच्या हिट गाण्यांपासून तो किती दूर आला होता, हे त्या वळणावर लख्ख कळतं.

'टॉकिंग बुक'मध्ये तो इतरांना जागा देतो, आणि मला ही जास्त मोठी झेप वाटते. 'यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ'च्या पहिल्या ओळी त्याच्या आवाजात नाहीतच. आधी जिम गिलस्ट्रॅप गातो, मग लानी ग्रोव्ह्ज आणि त्यानंतर स्टीव्ही. बालवयापासून ज्याचा आवाजच विकला गेला, त्याने अल्बमची सुरुवात दुसऱ्यांच्या स्वाधीन करावी, याला धीर लागतो. 'लुकिंग फॉर अनदर प्युअर लव्ह'मध्ये इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेकची गिटार आहे.

'सुपरस्टिशन' हेडफोन लावून ऐका. आधी नुसते ड्रम्स, तेही स्टीव्हीनेच वाजवलेले. त्यांत यंत्राचा काटेकोरपणा नाही, हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, किंचित झुलत राहतो. मग क्लॅव्हिनेट हा विजेवर चालणारा कीबोर्ड शिरतो. तो एकावर एक अनेकदा रेकॉर्ड केलाय, त्यामुळे डाव्या-उजव्या कानांत तो आपसात बोलत असल्यासारखा वाटतो. हे गाणं आणि 'सनशाइन' १९७३मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

गायिका सिरीटा राइटशी झालेलं त्याचं लग्न १९७२मध्येच मोडलं. 'ब्लेम इट ऑन द सन' त्या दोघांनी मिळून लिहिलेलं आहे, हे ठाऊक असलं की ते शांतपणे ऐकवत नाही.

सिंथेसायझरचे प्रयोग आवडत असतील किंवा तुम्ही स्वतः घरी गाणी रेकॉर्ड करत असाल, तर मात्र 'म्युझिक ऑफ माय माइंड' आधी घ्या. एकटा माणूस स्टुडिओत काय काय उभं करू शकतो, ते त्यात जास्त उघडपणे कळतं. बाकीच्यांनी 'टॉकिंग बुक'पासून सुरुवात करावी आणि दुसरा घ्यायचा की नाही, हे 'सुपरवुमन' पूर्ण ऐकून ठरवावं.