शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरातील वकिली सेवा : एका पक्षकाराचा अनुभव

वडिलांच्या निधनानंतर कोथरूडची सदनिका आईच्या एकटीच्या नावावर करण्यासाठी बहिणीला आणि मला वकील शोधावा लागला. पुण्यात वकिलांची वानवा नाही, परंतु बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नसल्यामुळे सामान्य पक्षकाराला ओळखीपाळखीवरच विसंबावे लागते. आम्हीही एका परिचितांच्या शब्दावर जिल्हा न्यायालयाजवळच्या एका कार्यालयात गेलो.

तेथे कागद न उघडताच ‘सक्सेशन सर्टिफिकेट काढून टाकू’ असे सांगून एकरकमी पैसे मागण्यात आले. त्यात कोर्ट फी किती आणि वकिलांची फी किती, या प्रश्नावर ‘सगळे धरून आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि आगाऊ रकमेची पावती मागताच बोलणे तुटक झाले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील हे प्रमाणपत्र बँकेतील ठेवी, शेअर, येणी यांसाठी असते, सदनिकेच्या मालकीसाठी नव्हे, हे आम्हाला पुढे दुसऱ्या वकिलांकडून कळले. आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत, याचे वाईट आजही वाटते.

दुसऱ्या वकील बाईंनी प्रथम खरेदीखत, इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि मृत्यू दाखला मागून घेतला. खरेदीखतावर पट्टी ठेवून त्या एकेक ओळ वाचत गेल्या. सदनिकेचा क्रमांक खरेदीखतात ७ आणि भाग दाखल्यावर ७-अ असा आहे, ही इतक्या वर्षांत घरातील कोणाच्याही लक्षात न आलेली तफावत त्यांनी पेन्सिलने अधोरेखित केली आणि सोसायटीकडून ती आधी दुरुस्त करून आणायला लावली. त्यानंतर त्यांनी विचारले, “वडील गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?” १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृताची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते, त्यामुळे आजी हयात असत्या तर त्यांचाही हिस्सा निघाला असता. त्या वडिलांच्या आधीच वारल्या होत्या, म्हणून आम्ही तिघेच वारस ठरलो. सोसायटीकडे नॉमिनी म्हणून आईचे नाव असले तरी तेवढ्याने ती एकटी मालक होत नाही, यासाठी आम्हा दोघा भावंडांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागेल, हे त्यांनी आईला समजेल अशा शब्दांत सांगितले. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि स्वतःची फी त्यांनी एका कागदावर वेगवेगळी लिहून दिली, आणि शेवटी हिशेब त्याप्रमाणेच झाला.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. त्र्याहत्तर वर्षांचे, कामाने झिजलेले बोट! वकील बाईंनी स्वतःच्या रुमालाने ते पुसले, हात धरून पुन्हा टेकवले आणि तिसऱ्या खेपेस ठसा आला. त्यांची फी आधीच्या कार्यालयाने मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी होती.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांनी न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अवश्य जावे. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका मंगळसूत्र गहाण ठेवून वकिलाची फी भरतात. प्राधिकरणांची मदतवाहिनी १५१०० ही आहे.

आमच्या वकील बाईंविषयी एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. दिवसभर त्या न्यायालयात असल्यामुळे दूरध्वनी उचलत नाहीत आणि निरोपाचे उत्तर दुसऱ्या दिवशी येते. सायंकाळी पाचनंतर त्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष गेल्यास भेट होते, परंतु तेव्हाही तासभर थांबण्याची तयारी ठेवावी.